अचला भूमीची चाल

संस्कृत कोशकारांनी पृथ्वीला जी अनेक नावे दिली, त्यांत ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ ही दोन नावे आहेत. पायांखालची जमीन हलत नाही, या अनुभवावर माणसाचा सारा संसार उभा असतो. घराचा पाया, विहिरीचे बांधकाम, देवळाचा कळस, रेल्वेचा रूळ या साऱ्यांची उभारणी त्याच भरवशावर होते. गेल्या शंभर वर्षांत भूशास्त्राने हा भरवसा तपासून पाहिला. तपासाअंती जे हाती लागले, ते भूमीविषयीच्या परंपरागत कल्पनेला धक्का देणारे आहे. आणि त्याचा संबंध पंडितांच्या वादाशी जितका आहे, तितकाच सामान्य माणसाच्या घराच्या भिंतीशी आहे.

उदाहरण म्हणून भिलाई घेता येईल. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्यात, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ती भट्टी ज्या जागी बांधली, ती जागा आज तेथेच आहे काय? कारखान्याच्या नकाशावर ती तेथेच आहे. परंतु पृथ्वीच्या गोलावर पाहिले, तर त्या दिवसापासून आजपर्यंत ती ईशान्येकडे तीन मीटरांहून अधिक सरकली आहे. भट्टीबरोबर शिवनाथ नदी सरकली, भाताची शेते सरकली, नागपूर, पुणे, मुंबई आणि कन्याकुमारीपर्यंतचा सारा देश सरकला. सारेच एकत्र सरकल्यामुळे कोणालाच त्याची जाणीव झाली नाही. वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ही ती गती. उपग्रहांच्या साहाय्याने ती आता नित्य मोजली जाते.

भिलाई-३ ही मुंबई-हावडा लोहमार्गावरील वस्ती. शेजारी चरोदा आणि तेथील मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड. सभोवार छत्तीसगडचे सपाट मैदान. डोंगराची धार येथून दूर आहे, समुद्र त्याहून दूर आहे, आणि ज्वालामुखीचे तर नावही कोणी घेणार नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग दुसऱ्या, म्हणजे त्या नकाशातील सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविला गेला. तेव्हा भूपट्टांच्या हालचालींची कथा सांगण्यासाठी हिमालय, जपान किंवा इटली सोडून भिलाई का निवडावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या शांत मैदानाच्या अंगावर त्या हालचालींची फार जुनी लिपी कोरलेली आहे. आणि शांत मानलेल्या भूमीवरच माणूस अधिक बेसावध राहतो.

पृथ्वीच्या पोटाची रचना समजून घेण्यास झोतभट्टीइतके चांगले साधन दुसरे नाही. भट्टीत खनिज वितळते तेव्हा जड लोखंड तळाशी जाते आणि हलकी मळी त्याच्यावर तरंगते. पृथ्वी तप्त अवस्थेत असताना हेच मोठ्या प्रमाणावर घडले. लोह आणि निकेल ही जड द्रव्ये केंद्राकडे गेली. त्यांचा गाभा बनला. त्याच्यावर सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचे प्रावरण राहिले. सर्वांत वर हलक्या खडकांचे कवच आले. हे कवच महासागरांखाली सहा-सात किलोमीटर जाड आहे, तर भारतीय द्वीपकल्पाखाली साधारणतः पस्तीस-चाळीस किलोमीटर. म्हणजे ज्या मळीवर माणसाने घरे बांधली, ती पृथ्वीच्या मानाने अगदी पातळ आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. कवचाखाली सर्वत्र उकळता रस भरलेला आहे आणि त्यावर खंडे होड्यांप्रमाणे तरंगतात, अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः प्रावरण घन आहे. मग घन पदार्थ वाहतो कसा? याचेही उत्तर भिलाईच्या कारखान्यातच मिळते. रूळ लाटणाऱ्या गिरणीत पोलादाचा लालबुंद ठोकळा येतो, तो वितळलेला नसतो, घनच असतो. तरीही रुळांच्या दाबाखाली तो कणकेसारखा लांबत जातो आणि आकार घेतो. उष्णता आणि दाब यांच्या संयोगाने घन पदार्थही नमतो. प्रावरणाचा खडक तसाच नमतो. फक्त त्याला काही सेकंदांऐवजी लाखो वर्षे लागतात. खालचा तप्त खडक हळूहळू वर येतो, वरचा थंड झालेला खडक खाली बुडतो, आणि या संथ अभिसरणावर वरचे कठीण कवच वाहून नेले जाते.

कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कठीण थर मिळून सुमारे शंभर किलोमीटर जाडीची जी शिलामय पाटी होते, तिला ‘भूपट्ट’ म्हणतात. पृथ्वीचे पृष्ठ अशा सात-आठ मोठ्या आणि अनेक लहान भूपट्टांनी बनले आहे.

ही कल्पना आज शाळेच्या पुस्तकात आहे. परंतु भिलाईची पहिली भट्टी पेटली तेव्हा ती शास्त्रात रूढ झालेली नव्हती. १९१२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे एकमेकांपासून दूर सरकली असल्याचे प्रतिपादन केले. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, दोहोंकडे सारखेच जीवाश्म सापडतात, हे पुरावे त्यांनी मांडले. पण खंडे हलविणारी शक्ती कोणती, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. आणि बहुसंख्य विद्वानांनी त्यांचा सिद्धांत झिडकारला. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर, एका मोहिमेत, त्यांचा अंत झाला. पुढे पन्नाशीच्या दशकात सागरतळाचे नकाशे तयार झाले. मेरी थार्प या विदुषीने रेखाटलेल्या नकाशांत अटलांटिक महासागराच्या मधोमध एक पर्वतरांग आणि तिच्या माथ्यावर एक लांबच लांब खच दिसून आली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी सागरतळ तेथे नव्याने जन्म घेतो व दोन्ही बाजूंना पसरतो, असा विचार प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांवरून त्याला आधार दिला. १९६७-६८ पर्यंत भूपट्टांचा सिद्धांत पूर्ण आकाराला आला.

या साऱ्या कथेत एक शब्द मात्र या भूमीचा आहे. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे ज्या प्राचीन महाखंडाचे तुकडे आहेत, त्याला जगभर ‘गोंडवन’ म्हणतात. मध्य भारतातील गोंड राजवटींच्या प्रदेशावरून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये येथील कोळसाधारी खडकांना हे नाव दिले, आणि ऑस्ट्रियाचे एडवर्ड सूस यांनी ते महाखंडाला लावले. कोरबा आणि कामठी येथील कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. तीच पाने दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि बर्फाच्छादित अंटार्क्टिकातही मिळाली. वाऱ्यावर उडून एखादे बीज सागर ओलांडीलही. परंतु अख्खे अरण्य सागर ओलांडीत नाही. त्या अरण्याखालची जमीन एकेकाळी सलग होती, हेच त्याचे सरळ स्पष्टीकरण होय.

भूपट्टांच्या कडा तीन प्रकारे वागतात. काही ठिकाणी दोन भूपट्ट परस्परांपासून दूर जातात. अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग रांग ही अशीच जागा आहे. तेथे खालचा तप्त खडक वर येतो, त्याच्यावरील दाब कमी होतो, आणि दाब कमी होताच त्याचा काही अंश वितळतो. तो रस थिजून नवा सागरतळ बनतो. काही ठिकाणी भूपट्ट एकमेकांना घासून आडवे सरकतात; १९०६ साली सान फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त करणारा भूकंप अशाच कडेवर झाला. तिसऱ्या प्रकारात ते समोरासमोर येतात. त्यांतील एक महासागरी असेल, तर तो जड असल्यामुळे दुसऱ्याच्या खाली बुडतो. बुडताना तो आपल्या खडकांत मुरलेले पाणी बरोबर नेतो, आणि हे पाणी ज्वालामुखीला जन्म देते.

पाण्याने खडक वितळावा, हे ऐकणाऱ्यास नवल वाटेल. पण झोतभट्टीत चुनखडक का टाकतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला नवल वाटणार नाही. भिलाईच्या उत्तरेस नंदिनी येथे चुनखडकाची खाण आहे. तो चुनखडक भट्टीत पडला की खनिजातील वाळूसारखी अशुद्ध द्रव्ये त्याच्याशी संयोग पावून कमी उष्णतेत वितळतात व मळीत निघून जातात. खोल गेलेल्या भूपट्टातून निसटणारे पाणी वरच्या प्रावरणात हेच काम करते. तेथील खडकाचा वितळणबिंदू खाली आणते. तयार झालेला शिलारस वर चढतो. अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावरील ज्वालामुखी असाच निर्माण झाला. दीर्घकाळ निद्रिस्त राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ जो प्रचंड भूकंप झाला आणि ज्याच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचल्या, तोही याच बुडत्या कडेवरचा.

समोरासमोर येणारे दोन्ही भूपट्ट खंडांचे असतील, तर कोणीच सहजासहजी बुडत नाही. मग कवच दुमडते, एकावर एक चढते आणि पर्वत उभे राहतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला आणि हिमालय घडू लागला. तो संघर्ष अद्याप संपलेला नाही. १९३४ चा बिहार-नेपाळचा, १९५० चा आसामचा आणि २०१५ चा नेपाळचा भूकंप ही त्याचीच चिन्हे होत.

हा सारा इतिहास पाहावयास दूरदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलेला प्रवासी भिलाईला पोहोचेपर्यंत भूतकाळात अडीचशे कोटी वर्षे मागे जातो. मुंबईपासून कसारा, नाशिक, भुसावळ ओलांडून नागपूरपर्यंत, नद्यांचा गाळ सोडला तर, बहुतांश काळा कातळ आहे. हा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि सह्याद्रीच्या पायऱ्या बनल्या. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, आणि प्रावरणातून वर येणाऱ्या ज्या उष्ण स्रोतावरून तो सरकत होता, तो स्रोत आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे. त्या बेटावरील ज्वालामुखी अजूनही वारंवार उसळतो. रायगडाचा कातळ आणि रीयुनियनचा ताजा लाव्हा ही एकाच चुलीवरची दोन शिजवणे, असे मानले जाते. मधल्या काळात भांडे सरकले, चूल तेथेच राहिली. लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या पायाचे खडक ही त्या वाटेवरची पाऊलचिन्हे. नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी याच काळ्या कातळाची. छत्तीसगडच्या वायव्य सीमेवरील मैकल डोंगररांगेच्या माथ्यावरही तो आहे.

नागपूर सोडताच पान उलटते. कामठीला गोंडवन काळातील वालुकाश्म आणि कोळसा येतो. पुढे भंडारा, तुमसर या बाजूस मँगनीजच्या खाणींचा मुलूख लागतो. तेथील खडक इतके दबलेले व दुमडलेले आहेत की त्यांचे मूळ रूप ओळखणे कठीण जावे. याचे कारण असे की, मध्य भारतातून जाणाऱ्या या पट्ट्यात शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दोन निराळे भूखंड एकमेकांवर आदळून जोडले गेले. म्हणजे हिमालयात आज जे घडत आहे, ते कधीकाळी येथे घडून गेले. आमगाव येते, त्या गावाचे नाव भूशास्त्राने तेथील प्राचीन पट्टिताश्मांना दिले आहे. सालेकसा-दरेकसाचा जंगली टापू आणि पुढे डोंगरगड. येथे सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे खडक आणि ग्रॅनाइट उघडे पडले आहेत. बम्लेश्वरीच्या दर्शनाला डोंगर चढणारा भाविक ज्या प्रदेशात उभा असतो, तो त्या काळी अग्नीचा प्रदेश होता. आणि मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. येथे जमीन सपाट होते, कारण खाली चुनखडकाचे आणि शेलचे जवळजवळ आडवे थर आहेत. एका उथळ समुद्राच्या तळाशी ते साचले, आणि त्यांचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहून अधिक आहे. इतक्या वर्षांत ते फारसे दुमडले नाहीत, वाकले नाहीत. या भूमीला ‘स्थिर’ म्हणण्यामागे हा सबळ पुरावा आहे.

ज्या लोखंडासाठी भिलाई उभी राहिली, त्याचीही कुळकथा ज्वालामुखींशी जोडलेली आहे. भिलाईच्या दक्षिणेस दल्ली-राजहरा येथे लोहखनिजाचे डोंगर आहेत. आदिम समुद्राच्या तळावरील तप्त झऱ्यांतून लोह पाण्यात मिसळले. पुढे सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेल्या प्राणवायूशी त्याचा संयोग झाला आणि ते थराथरांनी तळाशी बसले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खनिजाची नोंद केली. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपूरला आले असता तेथील संग्रहालयात त्यांनी मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा पाहिला. दुर्ग जिल्ह्यात लोहाची खूण दिसली आणि ते या डोंगरांपर्यंत आले. खनिज उत्तम होते, पण जवळ योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. म्हणून टाटांचा कारखाना पुढे अन्यत्र, साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. राजहराच्या डोंगराला आणखी अर्धशतक वाट पाहावी लागली. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि त्या खनिजाचे रूळ होऊ लागले.

आता मुख्य प्रश्न. भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात, हे समजले. भिलाई, लातूर, जबलपूर, कोयना ही ठिकाणे तर कडेपासून शेकडो कोस आत आहेत. मग तेथे भूकंप का व्हावा?

चरोद्याच्या यार्डात याचे उत्तर रोज पाहावयास मिळते. डब्यांची लांबलचक रांग उभी असते. एका टोकाला इंजिन लागते आणि ढकलते. धक्का पहिल्या डब्याला बसतो. परंतु तो तेथेच राहत नाही. डब्यामागून डबा खणखणत जातो आणि अर्ध्या मैलावरचा शेवटचा डबाही हादरतो. त्या रांगेच्या पुढे अडसर असेल आणि मागून इंजिन ढकलीतच राहील, तर सर्व डबे दाबाखाली येतात आणि ज्या ठिकाणची जोडणी कच्ची असेल, ती जागा प्रथम दगा देते; मग ती इंजिनापासून कितीही दूर असो. भारतीय भूपट्टाची स्थिती अशीच आहे. दक्षिणेकडे सागरतळाची निर्मिती त्याला रेटते आहे. उत्तरेकडे हिमालय आणि तिबेट यांचा अडसर आहे. हा दाब साऱ्या द्वीपकल्पातून पसरलेला आहे, आणि द्वीपकल्पात जुन्या काळच्या कच्च्या जोडण्या पुष्कळ आहेत.

नर्मदा-शोण खोरे ही त्यांतील सर्वांत मोठी. गोंडवन फुटत असताना येथे जमीन ताणली गेली, भेगा पडल्या आणि त्यांच्या मधला भाग खचला. पुढे भूपट्टांची दिशा आणि परिस्थिती पालटली. ताणाची जागा दाबाने घेतली. भेगा मात्र राहिल्या. एकदा तडकलेले भांडे पुन्हा त्याच जागी फुटावे, तशा या भेगा आज उलट दिशेने सरकतात. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर हादरले. भूकंपाची महत्ता ५.८ होती आणि त्याची नाभी जमिनीखाली सुमारे पस्तीस किलोमीटरांवर, म्हणजे कवचाच्या अगदी तळाशी होती. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. भिलाईपासून जबलपूर सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर आहे.

कोयनेची कथा थोडी निराळी. तेथील धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यानंतर लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणाखाली असलेल्या विभंगाला निमित्त पुरविले, असा निष्कर्ष निघाला. ताण भूपट्टाचा, निमित्त पाण्याचे. ज्या वर्षी जगात भूपट्टांचा सिद्धांत आकाराला येत होता, त्याच वर्षी सह्याद्रीच्या कुशीत हा धडा मिळाला. त्या भेगांचा अभ्यास करण्यासाठी पुढे तेथील बेसाल्ट भेदून खालच्या ग्रॅनाइटी खडकात तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे नुकतीच झोपी गेली होती. भूकंपाची महत्ता ६.२ होती. जगाच्या मानाने ही फार मोठी नव्हे; जपानात अशा भूकंपात क्वचितच मोठी जीवितहानी होते. येथे मात्र आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. भूकंप उथळ होता, हे एक कारण. दुसरे कारण घरांचे. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे मातीत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती आणि वर लाकडी खणांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, हिवाळ्यात उबदार राहते, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे आडवा हिसका. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकत्र बांधणारे काही नसल्यामुळे भिंत मधोमध फाटली, आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

त्या काळच्या भूकंपनकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित विभागात होती. नकाशा करणाऱ्यांनी हाती असलेल्या नोंदींवरूनच तो केला होता. दोष नोंदींच्या अपुरेपणाचा होता. हिमालयात वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एवढी हालचाल ताणाच्या रूपाने साठत जाते. तेथे शे-दोनशे वर्षांत कोठे ना कोठे मोठा भूकंप होतोच, आणि आजोबांची आठवण नातवाला उपयोगी पडते. द्वीपकल्पात ताण त्याच्या मानाने अतिशय मंद गतीने साठतो. एका विभंगावरील दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. मधल्या काळात गावे वसतात, उठतात, भाषा बदलतात, राज्ये जातात. भूकंपाची आठवण सांगणारा कोणी उरत नाही. अशा भूमीला माणूस स्थिर म्हणतो. २००२ च्या नकाशातून पहिला विभाग काढूनच टाकण्यात आला. भारतात भूकंपाच्या धोक्यापासून पूर्णतः मुक्त अशी जागा नाही, ही गोष्ट त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाली.

म्हणूनच भिलाईसारख्या ठिकाणी दुसऱ्या विभागाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मोठा धक्का येथे विरळा आहे. धक्का येणारच नाही, अशी हमी त्यात नाही. भीतीने झोप उडावी असे त्यात काही नाही, पण निष्काळजीपणाला आधार देणारेही काही नाही. भूकंप अमुक दिवशी अमुक वेळी होईल, हे सांगणारे शास्त्र आज जगात कोठेही नाही. तसे कोणी सांगितलेच, तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु भूकंपात कोणते घर पडेल आणि कोणते उभे राहील, हे सांगणारे शास्त्र पुष्कळ प्रगत आहे, आणि ते भारतीय मानकांच्या पुस्तकांत लिहिलेले आहे.

त्यातील मुख्य गोष्टी गवंड्याला समजावून सांगता येतील इतक्या सोप्या आहेत. पेटी ज्याप्रमाणे पट्ट्यांनी आवळतात, त्याप्रमाणे घराच्या चारी भिंती दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सलग पट्ट्याने बांधाव्यात. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारे लांब दगड घालावेत. कोपऱ्यांत सांधे पक्के असावेत, आणि दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटून ठेवू नयेत. छप्पर शक्यतो हलके असावे. उंच इमारतीत खाली मोटारींसाठी नुसते खांब उभे करून वर भरीव मजले चढविले, तर ते खांब विशेष बळकट करावे लागतात. अन्यथा हिसका बसताच तेच प्रथम मोडतात. या गोष्टींचा खर्च घर बांधतानाच केला तर थोडा असतो. पुढे भिंती फोडून करावयाचा म्हटला तर तो अनेक पट होतो. छत्तीसगडातील मातीच्या भिंतींची कौलारू घरे झपाट्याने विटांची आणि काँक्रीटची होत आहेत. ती होत असतानाच हा विचार करणे सोयीचे आहे.

किल्लारीच्या परिसरात नवी गावे वसविताना हे सारे शिकावे लागले. ज्यांनी शिकण्यासाठी आपली माणसे गमावली, त्यांच्या अनुभवाचा लाभ इतरांनी तरी घ्यावा. राजहराच्या डोंगरातील लोखंड भिलाईला वितळते, त्याचे रूळ होतात, आणि दरवर्षी उन्हाळ्यात ते रूळ तापून वाढणार हे गृहीत धरूनच अभियंते मार्ग बांधतात. रुळाने वाढू नये, असा आग्रह कोणी धरीत नाही. तो वाढला तरी गाडी सुखरूप जावी, एवढीच योजना असते. भूमीच्या बाबतीतही तशीच योजना करता येते. भूमी सरकते आहे, ती यापुढेही सरकत राहील. घर बांधणाऱ्याने तिची ही चाल ध्यानात घेऊन भिंतीला एक पट्टा अधिक घालावा, हे आजच्या ज्ञानाचे सर्वांत साधे आणि सर्वांत मोलाचे फळ होय.